भुऱ्या दोरी ओढतो आणि वर भाकरीही मागतो

मित्रांनो, तुमच्यात कोणी कुत्रा पाळला असेल तर सांगा, माझं डोकं चालेना.

सुट्टीवर घरी आलोय नंदुरबारला. परवा परत सुरतला कामावर. मी यायच्या आधी आमच्या भुऱ्याने दोरी अशी ओढली की माय रस्त्यावर पडली, कोपर सोललं. वडील म्हणाले, "तू जास तोपावत सुधरना नही, ते नवापूरले पोल्ट्रीवर दी टाकसू." म्हणजे मी जाईपर्यंत सुधारला नाही तर देऊनच टाकणार, आणि तिथे दिवसभर साखळीला बांधतील त्याला.

मग मोबाईलवर बघून शिकवायला लागलो. त्याने ओढलं की मी उभं राहायचं. तो मागे माझ्याजवळ आला की भाकरीचा तुकडा द्यायचा. दोन दिवसांत बरोबर मागे यायला लागला. मी खूश.

आज सकाळी बघतो तर काय, साहेब मुद्दाम जोरात ओढतात, लगेच मागे येऊन बसतात आणि तोंड वर करतात. आण भाकरी! गल्ली संपायच्या आत दहा वेळा.

माय ओट्यावरून हसायला लागली, "भाऊ, तू कुत्राले शिकाडी ऱ्हायना का कुत्रा तुले?"

आता तुकडा दिला तर पुन्हा ओढतो. नाही दिला तर मागेच येत नाही. मग भाकरी द्यायची तरी कधी? परवापासून दोरी मायच्या हातात आहे. लवकर सांगा रे.