हातमोजे का काढले, ते विचारायचं राहिलं

"हा महारोग नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "मधुमेहही नाही. ही थंडीची जखम आहे, जुनी. फ्रॉस्टबाइट."

त्या इंग्रजीत बोलत होत्या. मी मराठीत सांगितलं, तशी अण्णांनी नुसती मान हलवली. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरात वडिलांना अण्णाच म्हणतात. त्यांना कारण ठाऊकच होतं. घाबरले होते ती मी.

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना टोकं नाहीत. "फौजेत लागलं," एवढंच ते सांगत. त्या डिसेंबरात उरलेली बोटंही पांढरी पडू लागली आणि एक जखम महिनाभर भरेना. खालच्या मजल्यावरच्या सरोजाक्का त्यांच्यासाठी वेगळा पेला ठेवू लागल्या. कोपऱ्यावरचा दुकानदार सुट्टे पैसे हातावर न देता काउंटरवर ठेवी. अण्णा ते डाव्या हाताने गोळा करत. मी दुसरीकडे बघत असे.

फ्रॉस्टबाइट म्हणजे कडाक्याच्या थंडीत बोटांचा रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरतं. मरतं तेवढं कापून टाकतात. पण उरलेल्या नसा दुखावलेल्याच राहतात, आणि बेंगळुरूच्या सौम्य हिवाळ्यातही बोटांना पुन्हा ती बर्फातली थंडी वाजते.

"दुखतं का?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले.

मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. विजेचे छोटे झटके देऊन नसा चालतात की नाही ते बघतात. बाहेर बाकावर दोन तास बसलो. शेजारच्या बाई डबा उघडून नवऱ्याला भरवत होत्या. आम्ही दोघं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. आई मी शाळेत असतानाच गेली आणि मी मल्लेश्वरमला आत्याकडे वाढले. अण्णा निवृत्त होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. एका घरात राहणारी आम्ही दोन लाजाळू माणसं, काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे.

"क्लेम का केला नाहीत?" मॅडमनी विचारलं. निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत काही त्रास आहे का, असं विचारलं होतं म्हणे. अण्णांनी सांगितलं होतं, "सब ठीक है, साब."

त्या हाताने फाटकावरची नोंदवही लिहिता येईना, म्हणून त्यांची राजाजीनगरमधल्या कारखान्यातली वॉचमनची नोकरी गेली होती. क्लेम मंजूर झाला तर अपंगत्वाचं पेन्शन मिळणार होतं. नाही तर मला बी.एस्सी. सोडून नोकरी धरावी लागणार होती.

अर्ज मी टाइप केला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, इंग्रजीची मला भीती नव्हती. 'इजा कशी झाली?' या रकान्याशी थांबून मी अण्णांना विचारलं.

"लिही, हातमोजे काढले. माझीच चूक."

मी लिहिलं, हातमोजे मी स्वतः काढले, चूक माझी होती. व्याकरण दोनदा तपासलं. का काढले, हे विचारलं नाही.

सात महिन्यांनी उत्तर आलं. इजा 'अॅट्रिब्यूटेबल टू सर्व्हिस', म्हणजे लष्करी सेवेमुळे झालेली, नाही. अर्जदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेली आहे. खाली पुरावा म्हणून माझंच वाक्य, अवतरणचिन्हांत.

चार दिवस मी ते पत्र प्रॅक्टिकलच्या वहीत ठेवलं. कॉलेजात कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खरंच आहे की. तू का रडतेस?"

अपील करायला मुदत होती. त्या वेळी ते बर्फात होते याचा काही पुरावा मिळेल, म्हणून मी त्यांची पत्रं काढली. शाळेत मला मराठी नव्हतं. अक्षरं आत्याने शिकवली, पण वाचायला शिकले ते या पत्रांवर. त्यात एक अंतर्देशीय परक्या अक्षरातलं होतं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हाताला पट्ट्या आहेत म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतोय, एवढं वाचून, अण्णांचं अक्षर नाही म्हणून रागाने मी ते मिटून टाकलं होतं. आतली छोटी घडी कधी उघडलीच नव्हती.

त्या घडीवर लिहिलं होतं:

'ताई, हे हवालदारसाहेबांनी सांगितलेलं नाही, मी माझ्या मनाने लिहितोय. उतारावर माझ्या बुटाचे, बर्फात पकड घेणारे काटे निसटले. हातमोजे घालून काट्यांचा पट्टा लागेना. त्यांनी हातमोजे काढले आणि पट्टा आवळून दिला. मी खाली आलो. त्यांच्या हातांचं असं झालं.'

त्या पत्राची प्रत आणि भाषांतर मी अपिलाला जोडलं. काही महिन्यांनी लष्करी रुग्णालयात मेडिकल बोर्डापुढे बोलावणं आलं. टेबलामागे तीन अधिकारी होते. मधल्या कर्नलसाहेबांनी विचारलं, "दस्ताने क्यों उतारे?"

"गलती थी, साब."

न विचारता बोलण्याची मला सवय नाही. शाळेत तर विचारल्यावरही मी बोलत नसे. पण मी उभी राहिले. "सर, ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात. दूध उतू गेलं तरी, बस चुकली तरी. अर्जातलं ते वाक्य माझं आहे. मी पुढचं विचारलं नव्हतं."

कडेचे अधिकारी हसू दाबत होते. कर्नलसाहेबांनी पत्र वाचायला सांगितलं. मी आधी मराठीत वाचलं, मग इंग्रजीत. अण्णा जमिनीकडे बघत होते.

"हवालदार," कर्नलसाहेब म्हणाले, "वो जवान गिर जाता, तो गलती किसकी होती?"

"मेरी, साब."

कर्नलसाहेबांनी काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

बसमध्ये अण्णांनी ते पत्र मागितलं. आतली घडी त्यांनीही वाचली नव्हती. तेव्हा हातांनी कागदसुद्धा धरता येत नव्हता. मल्लेश्वरम येईपर्यंत ते पत्र त्यांच्या मांडीवर उघडंच होतं.

पावसाळ्यानंतर मंजुरी आली. माझं कॉलेज सुटलं नाही.

ज्यांच्या घरी असा फौजी आहे त्यांना एवढंच सांगते. त्याचं एकही पत्र टाकू नका. तपासणीला जाताना बरोबर जा. तो 'माझीच चूक' म्हणाला की लिहून घेऊ नका, पुढचा प्रश्न विचारा. त्या डॉक्टर मॅडमची आणि ज्याला मी कधी पाहिलं नाही त्या जवानाची मी ऋणी आहे.

बोटं आजही डिसेंबरात पांढरी पडतात. मागच्या तपासणीला मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "दुखतं का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबले.

"स्वल्प," ते कानडीत म्हणाले. म्हणजे थोडंसं.