स्फटिकातली बुख्ता

भट्टीचं दार मी फक्त दोन बोटं उघडलं होतं. 'फक्त दोन बोटं' हे मी नंतर गावात पुष्कळांना समजावून सांगितलं, पण दोन बोटं आणि सताड यांतला फरक काचेला कळत नाही. आतून 'टक्' असा आवाज आला. अक्रोड फुटावा तसा, लहानसा, अगदी सभ्य. मी दार लावलं, स्टुलावर जाऊन बसलो आणि ओताकारकाकांची वाट पाहत चेहरा निरागस करू लागलो.

काच निवत असताना भट्टीत डोकावायचं नसतं, हे आमच्या यिझेरा नदीकाठच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. निम्मं गाव काचेवरच जगतं. मीही जाणत होतो. पण माझा बाप बेकरीवाला. आमच्या घरात भट्टी म्हणजे मधूनमधून दार उघडून रंग बघायची वस्तू. डोकं माझं होतं, हात बापाचा निघाला.

काका नाताळचा मासा घेऊन आले. जिवंत कार्प घरातल्या बाथटबमध्ये सोडला, ओल्या बाह्या पिळल्या आणि भट्टीपाशी येऊन तापमानाचा काटा पाहिला.

"उघडलंस?"

"जरासं."

"जरासं!" काका म्हणाले. "जरासा मेलेला मासा बघितलायस कधी?"

ओताकार हाव्लिना कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःची भट्टी मांडली. उंची बेताची, छाती बियरच्या पिंपासारखी. भुवया आयुष्यभर आगीपुढे उभं राहून जळून गेलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर सदैव किंचित आश्चर्य. प्रत्यक्षात त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं पहिलं उत्तर "नाही जमणार" हेच. लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हाही ते आधी "नाही जमणार" म्हणाले होते, असं ब्लाझेनाकाकू सांगतात. "सवयीनं हो! मनात तसं नव्हतं."

दर नाताळात आमचं हौशी नाटक मंडळ बंबवाल्यांच्या हॉलमध्ये एक परीकथा करतं, आणि ती लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात असतं. यंदाच्या गोष्टीत मुलगा जग बघायला निघतो, आई त्याला वाटेत खायला बुख्ता करून देते. आमच्याकडे रिकाम्या हातानं कोणी जग बघायला जात नाही. आत खसखस भरलेला तो गुबगुबीत पाव गाठोड्यात हवाच. तर एक दुष्ट जादूगार ती बुख्ता स्फटिकात कोंडतो आणि अख्ख्या राज्यातल्या अन्नाची चवच जाते. शेवटी मुलगा तलवारीनं स्फटिक फोडतो.

आईची भूमिका मी ब्लाझेनाकाकूंना दिली होती. काकू तरुणपणापासून मंडळात आहेत. आजवर त्यांनी एक झाड, प्रेक्षकांकडे पाठ केलेली एक धोबीण आणि घोड्याचे मागचे पाय केले. "मागचे पाय मी अगदी समरसून केले," असं त्या म्हणतात, आणि ते खरं आहे. पण तोंडी वाक्य म्हणून कधी मिळालं नव्हतं. यंदा पूर्ण एक प्रवेश: आई स्फटिकाशेजारी बसते आणि आतल्या बुख्तेशी बोलते. काकू तो प्रवेश कणीक मळता मळता पाठ करत होत्या. गावात सर्वांत आधी त्यांचा अभिनय पाहिला तो त्या कणकेनं.

स्फटिकासाठी मी काकांकडे गेलो.

"नाही जमणार," काका म्हणाले. "वितळलेल्या काचेत बुख्ता घातलीस तर तिचा कोळसा होईल. आणि वाफ धरली की काच तुझ्या तोंडावर."

मंडळाचे अध्यक्ष कुदर्ना बरोबर होते. ते म्हणाले, "मग पारदर्शक प्लास्टिक ओतू या की. लांबून कोणाला कळतंय?"

"कुदर्ना, तू बियरपण प्लास्टिकचीच पितोस काय रे?" काकांनी विचारलं, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मग अर्थातच काकांनी ते जमवलं. काकूंच्या एका बुख्तेवरून साचा घेतला, त्यातून प्लास्टरची बुख्ता काढली, तिच्याभोवती काच वितळवली. काच निवली की प्लास्टर मागून कोरून काढायचं. मग समोरून बघावं तर टम्म फुगलेली बुख्ता काचेत तरंगतेय. मागून हात घालावा तर पोकळी. आत बुख्ता नाही, बुख्तेची जागा आहे. काकूंना हे ऐकूनच इतकं आवडलं की त्यांनी ते वाक्य मला न विचारता आपल्या भाषणात घातलं.

आणि या सगळ्यावर मी दोन बोटं दार उघडलं.

भट्टी पूर्ण निवल्यावर काकांनी ठोकळा बाहेर काढून प्लास्टर कोरलं. वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग थेट बुख्तेच्या पोटापर्यंत गेली होती. नवा ठोकळा करायला आठवड्यावर वेळ हवा, आणि प्रयोग तर दाराशी आलेला.

तालमीला कुदर्नांनी निकाल दिला. "स्फटिक नाही तर तो प्रवेशही नाही. सरळ शेवटच्या लग्नावर जाऊ."

मी काकूंकडे बघायचं टाळत होतो. त्या एप्रनची गाठ सोडत म्हणाल्या, "बरं. लग्नाला मागे एखादं झाड लागेल ना?"

कोपऱ्यात काका बसले होते. ते उठले. बाहेर गेले आणि घरून ठोकळा उचलून घेऊन आले, टेबलावर ठेवला.

"लुबोर," ते मला म्हणाले, "तलवार काढून टाक. ती लागली तर खरंच दोन तुकडे होतील. हिला वाजवू दे."

"वाजवू दे म्हणजे?"

"ब्लाझेना, शनिवारी पाव झाला का ते कसं बघतेस?"

काकूंनी भाजलेला पाव उलटा धरून तो पोकळ वाजतो का ऐकावं तशी मान कलती केली आणि बोटाच्या पेरानं ठोकळ्यावर हलकेच टकटक केली. काकांनी त्याच क्षणी मागच्या पोकळीत विजेरी लावली. ती भेग वरपासून बुख्तेपर्यंत लख्ख पेटली.

कुदर्ना म्हणाले, "अरे बापरे!"

"याला कोणीतरी सांगा," काका आमच्याकडे बघून म्हणाले, "की प्रवेश राहतोय." मग माझ्याकडे वळून, "आणि दिवा तू लावायचास. दार उघडता येतं, तर बटणही दाबता येईल."

प्रयोगाच्या दिवशी मी टेबलाखाली दबा धरून बसलो. वर काकू बुख्तेशी बोलत होत्या. लिहिलेलं सगळं बोलल्या, न लिहिलेलंही बोलल्या. मुलानं गरम टोपी घातली नाही म्हणून दोन शब्द सुनावले, सूप अळणी झाल्याबद्दल जादूगाराचा उद्धार केला. मग त्यांनी कान काचेला लावला आणि टकटक केली. मी बटण दाबलं.

प्रेक्षकांत निम्मे लोक काचेचे कारागीर. भेग दिसताच पहिल्या दोन रांगा उभ्याच राहिल्या. "गेली! गेली!" कोणीतरी कळवळून ओरडलं. सगळ्यांचे डोळे त्या भेगेवर खिळले असताना काकूंनी एप्रनखालून खरी बुख्ता काढली, ताजी, वरून पिठीसाखर भुरभुरलेली, आणि मुलाच्या हातात ठेवली. "खा," त्या म्हणाल्या. "आणि टोपी घाल."

टाळ्या थांबेनात. काकू इतक्या वेळा वाकल्या की शेवटी कुदर्नांनी पडदा त्यांच्या अंगावरच पाडला.

नंतर खानावळीत जो तो काकांना विचारत होता, "इतकी सुंदर भेग पाडलीत तरी कशी?" काका बियर पीत होते. शेजारी काकू, अजून आईच्याच पोशाखात, चौथ्यांदा तोच प्रवेश जेवण वाढणाऱ्या पोरीला करून दाखवत होत्या. काका त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या भुवया नसलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरं आश्चर्य होतं.

माझा धीर वाढला. मी ग्लास त्यांच्या ग्लासला भिडवला.

"म्हणजे काका, मी दार उघडलं ते एका अर्थी बरंच झालं, नाही?"

काकांनी ग्लास खाली ठेवला, मिशीवरचा फेस पुसला.

"भट्टीला कुलूप आणलंय."