मागच्या रांगेतला उघडा गाळा

चिंचोळी एमआयडीसीत मागच्या रांगेला वळलं की एकामागून एक बंद शटरं लागतात. त्यांतलं एकच रोज सकाळी वर जातं आणि तेही अर्धंच, कारण त्याची पट्टी वाकलीय आणि ती सरळ करायला बिरप्पाला सवड होत नाही. लोकांचं लोखंड केसाच्या फरकानं बरोबर करून देणाऱ्या माणसाला आपलं शटर नीट करता येऊ नये, यावरून त्याची बायको मायाक्का पूर्वी त्याला फार बोलायची. आता बोलायला ती इथं नसते.

बिरप्पा मूळचा मंद्रूपकडचा. बाप गुरप्पा मेंढरांमागं हिंडला, धाकटा भाऊ बिरुदेव अजूनही हिंडतो. बिरप्पा तेवढा आयटीआय करून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चिकटला आणि लेथवर लोखंड कातत म्हातारपणाच्या उंबऱ्याशी आला. मग काम घटत गेलं. काही चाकणला गेलं, काही गाड्यांना म्हणे आता इंजिनच लागत नाही. एके दिवशी भोंगा वाजला नाही, आणि तो पुन्हा कधी वाजलाच नाही.

कामगार पाण्यामागं जनावरं जावीत तसे चाकणला गेले. बिरप्पाचा मुलगा बापूसाहेबही गेला. बिरप्पानं मात्र थकलेल्या पगाराच्या बदल्यात आपला जुना लेथ मागून घेतला. लोक हसले. पैसे मागायचे सोडून लोखंड मागतोय, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं उघड बोलले. त्यानं मुकाट्यानं टेम्पो आणला, मागच्या रांगेत गाळा भाड्यानं घेतला आणि लेथ तिथं बसवला. माणूस तसा कमी बोलतो, पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. याला कुणी जिद्द म्हणेल, मायाक्का हटवादीपणा म्हणायची, आणि दोन्ही खरं होतं.

बापूसाहेबाला मुलगी झाली तेव्हा सुनेच्या, सुकन्याच्या, मदतीला मायाक्का चाकणला निघाली. एसटी स्टँडवर तिनं त्याला सांगितलं, "तुमचं काम सुरू झालं की बोलवा, मी येते. तवर रिकाम्या घरात दोगं एकमेकाची तोंडं बघत बसून काय करायचं?"

बिरप्पानं तो शब्द काळ्या दगडावरची रेघ समजून जपला. गाळ्याचा बाकी सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं स्वतःच्या पायावर उभं राहण्याच्या चार गोष्टी सांगितल्या असत्या. खरं कारण एवढंच होतं की कायमचं काम मिळालं की मायाक्का घरी येणार होती.

पण काम कुठलं मिळतंय? पिठाच्या गिरणीचा घासलेला बुश, बोअरच्या मोटारीचा शाफ्ट, उसाच्या ट्रॉलीची पिन, असं सटरफटर येई. ते संपलं की तो लेथ पुसत बसे. कारखान्यात जेवायच्या सुट्टीत एकेका डब्यावर चार हात पडायचे. इथं तो डबा उघडे, तर समोर बंद शटर. एकटेपणाची सवय होते म्हणतात. होत नाही. माणूस फक्त त्याबद्दल बोलायचं सोडतो. खांडेनवमीला मायाक्का लेथला हळदकुंकू लावून नारळ ठेवायची. ती चाकणला गेल्यावर त्यानंच झेंडू वाहिला, नारळ फोडला, आणि खोबरं वाटायला कुणी नाही म्हणून एकट्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं.

अखेर पुढच्या रांगेतल्या ट्रॅक्टरचे पंप बनवणाऱ्या कारखान्यानं त्याला लहान शाफ्टांचा एक नमुन्याचा लॉट दिला. तपासणीला पूनम नावाची मुलगी होती. तिनं ड्रॉइंग हातात देऊन स्पष्ट सांगितलं, की हा लॉट पास झाला तर दर महिन्याचं काम, नाही तर विषय संपला. लोखंड त्यानं आपलं आणायचं होतं.

बिरप्पा त्या शाफ्टांवर असा बसला की जेवणाची शुद्ध राहिली नाही. मापं तर चुकणारच नव्हती. पण काम पुरं झाल्यावर त्याला एक बुद्धी सुचली, आणि ती धनगराच्या पोरालाच सुचू जाणे. रानात दोन कळप मिसळले तर मेंढरं ओळखायची कशी? प्रत्येक घराची कानाला पाडायची खूण वेगळी. गुरप्पाची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला एक बारीक खाच. कितीही लांब चुकलेलं मेंढरू त्या खाचेवरून ओळखून लोक घरी आणून सोडत. कारखान्यात बिरप्पानं आयुष्यभर जे केलं ते दुसऱ्यांच्या मालात मिसळून गेलं होतं. आता पहिल्यांदा माल त्याचा होता. यातला एखादा बिघडला तर तो आपल्याच दारात परत यावा, दुसऱ्या कुणाच्या माथी बसू नये, असं त्याला मनापासून वाटलं. म्हणून त्यानं प्रत्येक शाफ्टच्या तोंडावर टोकदार पंच ठेवून हातोडीनं एक बारीक टिंब मारलं आणि वरून हलकी कानस फिरवली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पूनमनं पहिला शाफ्ट मोजला, मान हलवली. मग तोंडावरून बोट फिरवलं आणि थांबली. तिनं दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. हे टिंब कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. कुणी नाही, ती माझी खूण हाय, असं तो म्हणाला, आणि त्या वेळी त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

तिनं त्याला खुर्ची दिली. शाफ्टचं तोंड पंपात दुसऱ्या चकतीला टेकून फिरतं, टिंबाभोवती धातू जरा जरी उचलला तरी चकती खाल्ली जाते, हे तिनं समजावलं. त्याला ते ठाऊक होतं. ठाऊक असून हात गेला होता, हेच दुखणं होतं. तोंड पुन्हा छाटावं तर लांबी कमी भरणार होती. म्हणजे सगळा लॉट भंगार.

"काका, काम तुमचं चांगलं आहे," पूनम म्हणाली. "पण ड्रॉइंगमध्ये जे नाही, ते मालावर नको. साहेबांना सांगून एकदा परत संधी मिळवून देते. पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही."

लोखंड पुन्हा आणायला हाताशी काही नव्हतं. बिरुदेवाच्या कळपात बापाच्या वाटणीच्या काही मेंढ्या त्याच्या नावानं चरत होत्या, त्या विकायचं ठरलं. बिरुदेवानं एकदाच विचारलं, "अण्णा, समद्याच?" बिरप्पा व्हय म्हणाला. घेणाऱ्यानं तिथंच मेंढरांच्या वाड्यात एकेकीचा कान धरून स्वतःची खूण पाडली. बिरप्पा तोंड फिरवून उभा राहिला. बिरुदेव त्याला जेव म्हणत राहिला, पण तो पैसे घेऊन तसाच निघाला.

दुसऱ्या लॉटवर त्यानं पंच पेटीतून काढलाच नाही. शाफ्ट उतरले, तेल लावून कागदात गुंडाळले गेले, आणि पूनमनं ते पास केले. दर महिन्याच्या कामाचा कागद तिनं हातात ठेवला तेव्हा बिरप्पानं तो घडी करून खिशात जपून ठेवला. तिनं चहा मागवला. तो त्यानं घाईघाईनं, जीभ भाजत, संपवला, कारण त्याला घरी जायचं होतं.

घरी जाऊन त्यानं आधी अंगण झाडलं. मायाक्काची वाकळ उन्हात टाकली. डाळीचा रिकामा डबा घासून भरून ठेवला, येताना पेढे आणले होते ते फळीवर ठेवले, आणि मग पायरीवर बसून फोन लावला. काम लागलं, कायमचं लागलं, आता तू ये, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

मायाक्काला आनंद झाला. तो खरा होता, आवाजात कळत होता. बिरोबानं ऐकलं म्हणाली.

"कदी येतीस?" त्यानं विचारलं.

"अवं," ती म्हणाली, "हितं आपल्याकडची पोरं लई हायत. त्यास्नी हितलं जेवण गोड लागत न्हाय. आदी दोगातिगास्नी भाकरी करून देत व्हते. आता खोली घेतलीया येगळी. आपल्याच भागातली, केम गावची सोनाबाई हाय सोबतीला. सकाळ-संध्याकाळ पोरं डबं न्यायला येत्यात."

"मला बोलली न्हाईस."

"बोलले व्हते की. तुमचं ध्यान मशीनीकडं." यात राग नव्हता. "बापू म्हणत व्हता, आई, कशाला करतीस, बस की गप. पर माजं असं पयल्यांदाच कायतरी सुरू झालंय. एकाएकी टाकून कसं येऊ?"

बिरप्पाच्या तोंडाशी आलं होतं, की अगं, मी हे सगळं तुझ्यासाठी केलं. पण बापूसाहेबानं त्यालाही दहादा चाकणला बोलावलं होतं आणि तो गेला नव्हता. लेथ टाकून कसा येऊ, असंच तोही म्हणाला होता, अगदी याच शब्दांत. मायाक्कानं तेव्हा वाद घातला नव्हता.

"न्हाय," तो म्हणाला. "टाकू नगंस."

"सणावाराला येईन की."

"ये."

ती खाल्लं का म्हणून विचारत होती. त्यानं व्हय म्हटलं. मागं भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी तिला हाक मारली, आणि डबे भरायची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

वाकळ उन्हातून काढून त्यानं घडी केली. पेढ्यांचा पुडा फळीवर तसाच होता. काम मिळाल्याचं आणखी कुणाला सांगावं, याचा बिरप्पा पायरीवर बसून बराच वेळ विचार करत राहिला. त्याला कुणाचं नाव सुचलं नाही.