माझ्या गाडीला त्यांची चाकं

गाडी माझी. शिकवण्या घेऊन घेऊन जमवलेल्या पैशातून घेतलेली, जुनी, बारकी, पॉवर स्टिअरिंगसुद्धा नसलेली, पण माझी. चाळिशी उलटल्यावर मी ती चालवायला शिकले ते एकाच कारणासाठी. दौलताबादला माझी आई एकटी राहते, आणि तिच्याकडं जायला मला कुणाच्या सवडीची वाट बघायची नव्हती. दर रविवारी डबा भरायचा, किल्ली उचलायची आणि निघायचं. कुणाला विचारणं नाही की पुसणं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमचे हे म्हणाले, "उद्या पूजा आहे, गाडी धुऊन आणतो." मला काय, बरंच वाटलं. संध्याकाळी गाडी परत आली ती भलीमोठी, चकचकीत चाकं घालून! "कसं वाटलं सरप्राइज?" म्हणे. अहो, सरप्राइज साडीचं देतात, चाकांचं नाही!

फायद्यांची पोथी त्यांनी फाटकातच वाचली. गाडी उंच होते, स्पीडब्रेकरला बूड घासत नाही, वेगात रस्ता धरून चालते, शिवाय लूक! बूड घासायचं थांबलं, तेवढं मी कबूल करते. पण बाकीचं कोण सांगणार? टायर रुंद, त्यामुळं स्टिअरिंग इतकं जड झालं की गाडी मागं घेताना खांदा भरून यायचा. रबराची जाडी कमी, म्हणून आपल्या शहरातला एकेक खड्डा थेट मणक्यात. पेट्रोल जास्त पिते ते वेगळंच. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासायचा, खर्रर्र! "होईल सवय," हे म्हणाले. का म्हणून व्हावी? गाडी रोज चालवतं कोण?

पुढच्या रविवारी दौलताबादच्या दगडी दरवाजात शिरले आणि समोरून वेरूळहून येणारी पर्यटकांची बस आली. एरवी मी एका वळणात बाजूला होते. त्या दिवशी सगळा जोर लावून स्टिअरिंग फिरवलं, तर टायर आत अडून बसला. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. एक मोटारसायकलवाला ओरडला, "बाई हाय व्हय गाडीवर! मंग कशाचं निघतंय!" दुसरा उतरून आला, "मावशी, सरका, मी काढून देतो." मी बाजूच्या सीटवर सरकले. गाडी काढताना तोही घामाघूम झाला, चार वेळा पुढं-मागं केली, पण त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही.

त्यानंतरच्या रविवारी गाडी काढायचा धीरच होईना. आईचा फोन आला, "आज येत नाय का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना वेळ नाही आज." फोन ठेवला आणि स्वतःचाच असा संताप आला म्हणता! जे वाक्य बोलायला लागू नये म्हणून गाडी शिकले, तेच वाक्य?

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चाकं बदलून घेतली होती ते औरंगपुऱ्याजवळचं दुकान तडक गाठलं. माझी जुनी चाकं कोपऱ्यात तशीच पडलेली होती. म्हटलं, "ही बसवा परत."

दुकानदार गालात हसला. "मॅडम, साब को पूछा क्या?"

"गाडी माझी आहे."

"हौ, वो तो है. लेकिन साब नाराज हुए तो?"

आणि माझ्यासमोर, मी तिथं उभी असताना, त्यानं ह्यांना फोन लावला! पलीकडून आवाज ऐकू आला, "बसवा बाबा, तिचा हट्टच असेल तर." दुकानदार खूश. "साब ने हाँ बोल दिया, मॅडम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाकं माझी, गाडी माझी, खांदा माझा, आणि होकार साहेबांचा!

पण चाकं बसली. रविवारी त्याच दरवाजातून एका वळणात गाडी काढली. कुणी बघितलंही नाही. आईच्या दारात गाडी लावली, डबा घेऊन आत गेले. आईनं तोंडावरून हात फिरवला, गाडीकडं बघितलं आणि काळजीनं म्हणाली,

"जावईबापूंना इचारून आलीस ना गं?"

मी डबा ओट्यावर असा आदळला की भाजी सांडली.