दहा मिनिटांचं काम

काल नातवाची मोटारसायकल दारात थांबली आणि मागच्या चाकातून जळक्या ब्रेकचा वास आला. त्या वासासरशी मी परळच्या माझ्या गॅरेजात पोचलो, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत.

वसंत माझा जिवलग मित्र. चळवळीची पत्रकं तो मोटारसायकलवरून गिरगावातून लालबागला पोचवायचा.

"बघ रे, ढकलली तरी हलत नाही," एके दुपारी गॅरेजाच्या दारात तो म्हणाला.

मागचं चाक अर्ध्या फेरीतच अडत होतं, ब्रेकचा ड्रम तापून चटका देत होता. ब्रेकचा नट सैल केला तरी चाक सुटेना. म्हणजे ब्रेक दाबणारा आतला कॅम गंजून अडकला होता. दहा मिनिटांचं काम.

पण सकाळीच हवालदार दम देऊन गेला होता, वसंतला थांबवून ठेव, नाहीतर तू आत.

"ब्रेकचं लायनर गेलंय. वेळ लागेल. बस, चहा मागवतो," मी म्हणालो.

"तू म्हणतोस म्हणजे गेलंच." तो पत्रकांच्या गठ्ठ्यावरच बसला. चहा संपायच्या आत पोलीस आले.

सुटल्यावर तो आधी माझ्याकडेच आला. "चळवळीतली पोरं फितूर म्हणून तुझं नाव घेत होती," तो हसत म्हणाला. "एकाची कॉलरच धरली मी."

मी त्याच्यासाठी चहा मागवला. वसंत आता नाही. त्याच्या मुलांनी वाचावं म्हणून लिहितो: ती पोरं खरं बोलत होती.