खुबाजीचा वाडगा

आमच्या सासूबाईंचा जीव खुबाजीत. मागच्या दारी मोरीच्या कडेला उगवणारं, गोल पानांचं, फिकट जांभळ्या फुलांचं हे रोपटं दुसऱ्या कुणी तण म्हणून उपटून टाकलं असतं. आमच्याकडे त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. खोकला झाला, पानं थंड पाण्यात भिजवून तो बुळबुळीत रस प्या. गळू आलं, पानं ठेचून बांधा. तोंड आलं, त्याच रसाने चूळ भरा. मी रागावले तरी त्या त्याच रसाचा वाडगा पुढे करायच्या, आणि माझा राग दुप्पट व्हायचा.

सासरे काचा कापायचे, घराच्या पुढच्याच खोलीत. त्यांना तरुणपणी फीट यायची, पण रोज सकाळच्या गोळीने ती कित्येक वर्षं ताब्यात होती. अलीकडे गोळी घशात अडकायला लागली, म्हणून सासूबाई ती खुबाजीच्या रसात बुडवून चमच्याने भरवू लागल्या. गोळी सुर्रकन उतरायची.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "तुझ्या डॉक्टरीणबाईंना सुचलं का हे?"

आणि फीट परत सुरू झाली. पहिली आली तेव्हा ते नशिबाने पलंगावर होते. दुसरी कामाच्या टेबलापाशी आली. काच फुटल्याचा आवाज ऐकून मी धावले, तर ते तुकड्यांत पडले होते आणि अंगाला झटके येत होते. भुवई फाटली होती, डोळा थोडक्यात वाचला.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि विचारलं, "गोळी चुकत नाही ना?"

"चुकेल कशी? मी स्वतः देते."

"कशाबरोबर?"

सासूबाईंनी अगदी कौतुकाने सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"तो चिकट रस गोळीला वेढून बसतो. औषध अंगात नीट उतरत नसावं. तेच कारण आहे असं छातीठोकपणे नाही सांगत, पण रस आधी बंद. पातळ औषध मागवते, परवा येईल. तोवर गोळी साध्या पाण्याबरोबरच द्या. पुढची फीट काचेवर आली तर मी काही करू शकणार नाही."

सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "पाल्याने कधी कुणाचं वाईट झालंय?" मी तोंड उघडलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

सकाळी पाहते तर गोळीशेजारी पाण्याचा पेला होता आणि खुबाजीचा वाडगाही होता. सासऱ्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. गोळी बाहेर आली. दुसऱ्यांदाही तेच. डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद. सासूबाईंचा हात चमच्याकडे गेला. आता वाडगा हिसकावून घ्यायचा, असं ठरवून मी पुढे झाले.

त्यांनीच तो उचलून माझ्या हातात दिला. "ओतून ये."

मी परत आले तेव्हा त्या नवऱ्याची पाठ चोळत होत्या. "घाई नका करू. मान थोडी खाली घ्या. हं." तिसऱ्या खेपेला गोळी उतरली. सासूबाईंनी त्यांना जीभ उचलायला लावून खात्री करून घेतली आणि मग मटकन खाली बसल्या.

"मीच पाडत होते तुम्हाला," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

सासऱ्यांनी तोंड पुसलं. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मला ते गिळगिळीत कधीच आवडलं नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू द्यायचीस ना."

सासूबाई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी गोळीच्या वेळेला मात्र साध्या पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या आधीच येऊन बसल्या होत्या.