जड आणि जड्ड

आमच्याकडे दुखण्याला जड्ड म्हणतात. शब्द कानडी, पण हुबळीतल्या आमच्या मराठी घरात तो इतका मुरलेला, की मला साधा ताप आला तरी आई शेजारणीला "पोरीला जड्ड आलंय" असंच सांगायची. त्या शब्दाला मी अजून माफ केलेलं नाही.

धारवाडच्या कॉलेजात माझ्या वर्गात उणकलचा एक मुलगा होता, घरी कानडी बोलणारा. उणकल तेव्हा तळ्याकाठचं खेडं. तिथून तो सायकलवरून देशपांडे नगरात आमच्या घरी गणितं सोडवायला यायचा आणि माझ्याशी हट्टानं मराठी बोलायचा. ते मराठी धड नव्हतं. मला ते फार आवडायचं. तोही फार आवडायचा, हे सांगायला आता कुणाची भीती नाही. तेव्हा होती. त्याची जात वेगळी, भाषा वेगळी, आणि माझे वडील कोर्टात जेवढे मोठ्यानं बोलत त्याहून मोठ्यानं घरात बोलत.

पुढे त्याला परदेशी शिकायला जायची संधी मिळाली. अतिसूक्ष्म कणांना प्रकाशाच्या वेगाजवळ नेणारं यंत्र तिथं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. आई सारखी आतबाहेर करत होती, म्हणून मी मुद्दाम अभ्यासाचंच विचारलं, "त्या कणांचं काय होतं हो तिथं?"

"आधी ढकललं की पळतंय बघा," तो म्हणाला. "प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं, की मग ढकलून ढकलून वेग वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. सगळा जोर जडपणात जातोय. जवळ जातंय, जड होतंय, पण पोचत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. आणि त्याचं घड्याळ आपल्याला सावकाश दिसतंय. क्षणात मरणारा कण वेगात असला तर जास्त जगतोय. त्याला स्वतःला काय कळत नाही त्यातलं."

मग तो उठला. दाराशी जाऊन परत वळला, माझ्याकडे बघत म्हणाला, "मला जड झालंय."

पुढचं वाक्य येणार होतं. पण त्याच्या कानडी जिभेवर ड जरा जोरात पडला, आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"अय्यो, जड्ड? उद्या निघायचं आणि आज जड्ड? बस बस. कषाय करते." आणि मला, "उभी काय राहिलीस? आलं किस."

मी आलं किसलं. आईनं केलेला तो आल्या-मिऱ्यांचा काढा त्यानं निमूट घेतला, आईच्या पाया पडला आणि गेला.

तो तिकडेच राहिला. मी शाळेत विज्ञान शिकवत राहिले. स्थळं आली, गेली. मला ते राहिलेलं वाक्य हवं होतं. थांबशील का, असं तो विचारणार होता? की नुसतं, घर सोडणं जड जातंय, एवढंच? फळ्यावर 'जडत्व' लिहिलं की दरवर्षी मला तो दारात उभा दिसायचा. फार आठवण यायची, आणि मुलांवर उगीच ओरडायची मी.

उणकल शहरात मिसळून गेलं, तेव्हा कधीतरी एका दुपारी तो आला. केस पांढरे, मराठी आणखी मोडलेलं. तिकडचा संसार, मुलं, सगळं सांगून झालं. आई शेजारी बसलेली. तिला सकाळचा चहा आठवत नसे, जुनं मात्र सगळं लख्ख. वेगानं गेला होता तो, आणि घड्याळ सावकाश झालं होतं आईचं. तिनं त्याला न्याहाळलं, ओळखलं आणि काळजीनं विचारलं,

"जड्ड कडिमि आतेनप्पा?" दुखणं कमी झालं का रे?

तो हसला नाही. उत्तर आईला दिलं, पण बघत होता माझ्याकडे.

"इन्नू इल्ल, अव्वा." अजून नाही.

"आलं किस," आई मला म्हणाली.

या वेळी मी उठले नाही.